फ्लोरिडात ट्रम्पही जिंकला आणि १५ डॉलरही जिंकले: अमेरिकेतली विषमता, कर आणि कामगार कायदे

डॅलसकर

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय आहे. लांबण लागणार, आधीच सांगतो.

नोव्हेंबर २०२०. फ्लोरिडात ट्रम्प तीनेक टक्क्यांनी जिंकला. त्याच दिवशी त्याच मतपत्रिकेवर अजून एक प्रश्न होता, राज्याचं किमान वेतन टप्प्याटप्प्याने तासाला १५ डॉलर करायचं का? पास व्हायला ६० टक्के मतं लागत होती, पडली जवळजवळ ६१. म्हणजे ज्या मागणीला ट्रम्पच्या पक्षाचा विरोध तीच मागणी ट्रम्पला मत देणाऱ्या कितीतरी लोकांनी उचलून धरली. बरं, एकदाच झालं म्हणावं तर २०२४ ला मिसुरीत पुन्हा तेच. ट्रम्पला साधारण ५८ टक्के आणि १५ डॉलरलाही साधारण ५८ टक्के. याच मिसुरीने २०१८ ला युनियनचं कंबरडं मोडणारा 'राइट टु वर्क' कायदा ६७ टक्के मतांनी उडवून लावला होता.

आता वॉशिंग्टनमध्ये बघा. फेडरल (म्हणजे केंद्र सरकारचं, देशभराचं) किमान वेतन ७.२५ डॉलर, जुलै २००९ पासून एक सेंट हललेला नाही. १९३८ ला हा कायदा आला तेव्हापासून इतका मोठा खंड कधी पडला नव्हता.

मला वाटतं याचं कारण लोकांच्या मनात कमी आणि सिनेटच्या नियमात जास्त आहे. कराचं बिल 'रिकन्सिलिएशन' नावाच्या बजेटच्या वाटेने साध्या बहुमताने पास होतं. त्यामुळे बुशने २००१ आणि २००३ ला कर कापले, ट्रम्पने २०१७ ला कापले, २०२५ च्या ४ जुलैला तेच कायम करून टाकले. कामगार कायद्याला ती वाट नाही, तिथे फिलिबस्टर (अल्पमतवाल्यांनी चर्चा लांबवून बिल अडवणं) ओलांडायला शंभरपैकी ६० मतं लागतात. २०२१ ला डेमोक्रॅट्सनी १५ डॉलर कोविडच्या बिलात घुसवायचा प्रयत्न केला तर सिनेटच्या पार्लमेंटेरियन बाईंनी (नियमांचा अर्थ सांगणाऱ्या अधिकारी) सांगितलं बजेटच्या बिलात हे बसत नाही. सिनेटर बर्नी सँडर्सने तरी दुरुस्ती मांडली, ४२ विरुद्ध ५८ ने पडली, विरोधात त्यांच्याच बाजूचे आठ जण. युनियन करणं सोपं करणारा प्रो ॲक्ट हाउसमध्ये (खालच्या सभागृहात) २०२० ला पास, २०२१ ला पास, सिनेटमध्ये दोन्ही वेळा धूळ खात पडला.

मग झालं काय, की विषमतेवर बोलायचं म्हणजे टॅक्सवर बोलायचं अशी दोन्ही पक्षांना सवय लागली. पण टॅक्स हा पैसा हातात आल्यानंतरचा हिशोब आहे. मुळात कुणाच्या हातात किती येणार ते त्याच्या आधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरवणारे कायदे बहुतांशी १९३५ ते १९४७ मधले आहेत, त्यांना कुणी हात लावत नाही. चुकत असेन तर सांगा.

खडूस

लेख चांगलाय पण नेहमीची गोष्ट राहिलीच. अमेरिकेत फेडरल इन्कम टॅक्सचा साधारण ४० टक्के वाटा वरचे एक टक्का लोक भरतात. खालचे अर्धे लोक मिळून तीनेक टक्के. याहून प्रोग्रेसिव्ह काय पाहिजे? युरोपात सामान्य माणसाच्या डोक्यावर वीस-पंचवीस टक्के व्हॅट आहे, इथे तो प्रकारच नाही. टॅक्स सिस्टीम श्रीमंतांच्या बाजूची आहे हे वाक्य सगळे फेकतात, आकडा बघत कुणी नाही.

मधुरा_जर्सी

खडूस, आकडा बरोबर आहे पण तो फक्त इन्कम टॅक्सचा आहे. मी टॅक्सच्याच ऑफिसात काम करते, दर फेब्रुवारी-मार्चला हाच संवाद होतो. चाळीस हजार कमावणारा माणूस डब्ल्यू-टू (पगार आणि त्यातून कापलेला कर दाखवणारा मालकाचा वार्षिक फॉर्म) घेऊन येतो आणि म्हणतो मला तर टॅक्स फारसा लागतच नाही ना. मी त्याला चार आणि सहा नंबरचे रकाने दाखवते.

पेरोल टॅक्स नावाची गोष्ट आहे. पगारातून सोशल सिक्युरिटी (म्हातारपणच्या पेन्शनसाठी) ६.२ टक्के, मेडिकेअर (वृद्धांच्या आरोग्य विम्यासाठी) १.४५, पहिल्या डॉलरपासून, कुठलीही वजावट नाही. तेवढेच मालक भरतो आणि बहुतेक अर्थतज्ज्ञ म्हणतात की तेही शेवटी पगारातूनच जातात. आता गंमत अशी की सोशल सिक्युरिटीला वर झाकण आहे. २०२६ ला ते १,८४,५०० डॉलर. त्याच्यावरच्या पगाराला शून्य. म्हणजे चाळीस हजारवाला २,४८० डॉलर भरतो, पगाराचे ६.२ टक्के. दहा लाख डॉलर पगारवाला भरतो ११,४३९, म्हणजे सव्वा टक्क्याच्याही आत. त्याचं झाकण मार्च महिन्यातच भरून जातं, पुढे वर्षभर त्याच्या चेकवर ती ओळ कोरी.

आणि ज्याचं उत्पन्न पगारच नाही त्याला हा टॅक्स लागूच नाही. शेअर वर्षभर ठेवून विकले तर वरचा दर २० टक्के, त्यावर ओबामाच्या वेळेपासूनचे ३.८. पगारावर वरचा दर ३७. बरं, ही सवलत फक्त अब्जाधीशांना आहे असंही नाही. २०२५ ला नवरा-बायको मिळून करपात्र उत्पन्न ९६,७०० च्या आत असेल आणि ते शेअरच्या नफ्याचं आणि डिव्हिडंडचं असेल तर फेडरल कर शून्य. शून्य! तेवढंच उत्पन्न दोघांनी नर्सिंग होममध्ये राबून आणलं तर काय होतं ते मी रोज बघते.

आणि खरे मोठे मासे तर विकतच नाहीत. शेअर घ्या, वाढू द्या, त्यावर कर्ज काढून खा, मेल्यावर वारसाला त्या दिवशीच्या भावाने मिळतात, मधला सगळा नफा टॅक्सच्या दृष्टीने झालाच नाही. याला स्टेप-अप म्हणतात. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०२१ ला आयआरएस या कर खात्यातून फुटलेली कागदपत्रं छापली त्यात ॲमेझॉनच्या बेझोसने २००७ आणि २०११ ला फेडरल इन्कम टॅक्स एक पैसा भरला नव्हता. बेकायदेशीर काही नाही यात. हीच तर रड आहे.

तिरकीट

डॅलसकर विरुद्ध खडूस. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

जुना_गिरणगाव

डॅलसकरशी सहमत, पण इतिहास अजून मागे जातो आणि तो सांगितल्याशिवाय हे कळणार नाही.

१९३५ चा वॅग्नर ॲक्ट आणि १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट, रूझवेल्टच्या काळातले. युनियन करायचा हक्क, किमान वेतन २५ सेंट, आठवड्याच्या कामाला मर्यादा आणि ओव्हरटाइमला दीडपट, सगळं इथलं. पण दोन्ही कायद्यांतून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले. का? काँग्रेसमधल्या मोक्याच्या कमिट्या दक्षिणेतल्या डेमोक्रॅट्सच्या हातात होत्या, आणि दक्षिणेत शेतात आणि घरात राबणाऱ्यांत काळे मोठ्या संख्येने होते. त्यांना गोऱ्या मजुराइतका पगार द्यायला ती मंडळी तयार नव्हती. 'वर्णभेद' हा शब्द कायद्यात कुठेही लिहायची गरज पडली नाही. शेतमजुरांना फेडरल किमान वेतन मिळायला १९६६ ची दुरुस्ती यावी लागली आणि वॅग्नर ॲक्टमध्ये तर ते आजही नाहीत. कॅलिफोर्नियाने १९७५ ला स्वतःचा कायदा केला तो सीझर चावेझच्या आंदोलनामुळे.

मग १९४७ ला टाफ्ट-हार्टली. ट्रुमनने व्हेटो केला, काँग्रेसने व्हेटो ओलांडून पास केला. त्यातल्या एका कलमाने राज्यांना मुभा दिली की युनियनने केलेल्या कराराचा फायदा सगळ्यांनी घ्यायचा पण वर्गणी ज्याला वाटेल त्याने द्यायची. हाच तो राइट टु वर्क. आज २६ राज्यांत आहे. मिशिगनने २०२३ ला रद्द केला, अशी घटना कित्येक दशकांनी घडली. सरकारी नोकरांपुरता तर सुप्रीम कोर्टाने २०१८ ला जेनस खटल्यात ५-४ ने सगळ्या देशालाच तो लागू करून टाकला.

आणि १९८१. हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप, रेगनने अकरा हजारांवर लोक एका फटक्यात काढले. सरकारी नोकरांना संप करायला बंदी होती हे खरं, पण खाजगी मालकांनी त्यातून जो संदेश घ्यायचा तो घेतला. संपावर गेलेल्यांच्या जागी कायमची दुसरी माणसं भरायची परवानगी सुप्रीम कोर्टाने १९३८ लाच दिली होती, पण एवढी वर्षं मोठ्या कंपन्या ती वापरायला बिचकायच्या. रेगननंतर बिचकणं संपलं. आपल्याकडे लगेच पुढच्या वर्षी जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, माझे वडील त्यात होते, त्यामुळे या सनावळ्या माझ्या डोक्यातून जात नाहीत. दोन्हीची कारणं वेगळी आहेत, तुलना करत नाहीये.

पन्नासच्या दशकात अमेरिकेत साधारण तीनातला एक कामगार युनियनमध्ये होता. २०२४ ला दहातला एक, तोही सरकारी नोकर धरून. नुसतं खाजगी क्षेत्र घेतलं तर सहा टक्क्यांच्या आसपास.

खडूस

गिरणगाव, मांडणी छान, पण यात चीन कुठेय? ऑटोमेशन कुठेय? डेट्रॉइट आणि पिट्सबर्ग टाफ्ट-हार्टलीने रिकामे केले का? कारखानेच गेले तर युनियन कुणाची करणार. आणि विषमता खरंच किती वाढली यावरच भांडण आहे. पिकेटी-साएझ या अर्थतज्ज्ञांचे विषमता वाढल्याचे आकडे सगळे देतात, पण ऑटन आणि स्प्लिंटर या दोघांनी टॅक्सचाच डेटा वेगळ्या पद्धतीने मांडून म्हटलंय की कर आणि सरकारी मदत धरली तर वरच्या एक टक्क्याचा वाटा साठच्या दशकापासून फारसा वाढलेलाच नाही. त्यांचा पेपर २०२४ ला जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमीत आलाय, कुठल्या टीव्ही चॅनलवर नाही.

आणि ते ९१ टक्के वगैरे कुणी काढायच्या आत सांगतो. आयसेनहॉवरच्या काळात वरचा दर ९१ होता पण त्यात इतक्या पळवाटा होत्या की तो प्रत्यक्षात कुणी भरत नव्हतं. १९८६ ला रेगनने २८ वर आणला तेव्हा पळवाटाही बंद केल्या होत्या, आणि त्या बिलाला डेमोक्रॅट्सनीही मतं दिली होती.

डॅलसकर

खडूस, ऑटन-स्प्लिंटरवर साएझ आणि मंडळींनी उत्तर दिलंय, न दाखवलेलं उत्पन्न कुणाच्या नावावर धरायचं यावर सगळं अडलंय. ते भांडण आपण इथे मिटवू शकत नाही. पण एक बघ, त्या दोघांचं म्हणणं खरं धरलं तरी वाटा सारखा राहिला तो सरकारी मदत आणि टॅक्स मध्ये आल्यामुळे. म्हणजे पगाराच्या टप्प्यावर दरी वाढली आणि सरकारने मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्य विमा) देऊन ती थोडी बुजवली. माझा मुद्दा याच्या विरोधात कुठे जातो?

चीन आणि ऑटोमेशनवर माझं एकच उत्तर, कॅनडा. चीन त्यांच्यासाठीही तोच, रोबोट तेच, गाड्यांचे कारखाने तर विंडसर आणि डेट्रॉइट नदीच्या दोन काठांवर समोरासमोर. साठच्या दशकात दोन्ही देशांत युनियनचं प्रमाण जवळजवळ सारखं होतं. आज कॅनडात ३० टक्क्यांच्या आसपास, इथे दहा. तिकडे कित्येक प्रांतांत बहुसंख्य कामगारांनी कार्डावर सह्या केल्या की युनियन झाली, पहिला करार अडला तर लवाद बसवतात. इथे सह्या गोळा करा, मग निवडणूक, त्याआधी कंपनीचे कन्सल्टंट येऊन मीटिंगा घेणार, आणि एवढं करून जिंकलात तर कायदा म्हणतो दोघांनी 'प्रामाणिकपणे' बोलणी करावी. करार करावाच असं कुठे लिहिलेलं नाही. बफेलोत स्टारबक्सच्या पहिल्या दुकानाने डिसेंबर २०२१ ला मत दिलं, २०२५ संपेपर्यंत करार झाला नव्हता. युनियनचं काम करतो म्हणून कुणाला काढलं आणि ते सिद्ध झालं तर दंड नाही, फक्त नोकरी परत आणि बुडालेला पगार, आणि त्यातूनही मधल्या काळात दुसरीकडे कमावलेले पैसे वजा. एवढ्या किमतीत कुठली कंपनी काढणार नाही? २०२५ मध्ये तर ट्रम्पने लेबर बोर्डाच्या एका सदस्याला काढून टाकल्यावर बहुतेक वर्षभर बोर्डाचा कोरमच नव्हता, तक्रारींचा निकाल लावायला पुरेशी माणसंच नव्हती.

आणि माझ्या गावची गोष्ट सांगतो. डॅलसमध्ये आणि ऑस्टिनमध्ये नगरपालिकेचा नियम होता की बांधकामावरच्या कामगाराला दर चार तासांनी दहा मिनिटं पाणी प्यायला आणि सावलीत बसायला द्यायची. टेक्सासचा उन्हाळा ज्याने पाहिलाय त्याला यात काय वादग्रस्त आहे ते कळणार नाही. २०२३ ला राज्याने कायदा केला की कामगारांच्या बाबतीत शहरांनी राज्याच्या पुढे जाऊन नियम करायचे नाहीत. टॅक्सचा यात कुठे संबंध आहे? पण ज्याला छतावर डांबर घालायचंय त्याच्या दृष्टीने राजकारण हेच.

अश्विनी_बे

तुम्ही सगळे हे लाल (रिपब्लिकन) राज्यांचं म्हणून बोलताय म्हणून कॅलिफोर्नियातून लिहिते.

२०१९ ला इथे एबी-५ पास झाला, उबर-लिफ्टचे ड्रायव्हर कॉन्ट्रॅक्टर नसून नोकर धरावेत असा त्याचा रोख. कंपन्यांनी २०२० ला प्रॉप २२ (थेट लोकांच्या मतदानाला टाकलेला ठराव) आणलं, आम्हाला यातून वगळा म्हणून, आणि २० कोटी डॉलरच्या वर खर्च केला. ॲप उघडलं की पॉप-अप, घरी पत्रकं, ड्रायव्हरच स्वतः सांगणार मला स्वातंत्र्य हवंय. निकाल? ५८-५९ टक्क्यांनी कंपन्या जिंकल्या. त्याच मतपत्रिकेवर बायडनला ६३ टक्के. २०२४ च्या जुलैत राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही ते कायम केलं. आणि २०२४ ला किमान वेतन १८ करायचा ठराव याच 'निळ्या' (डेमोक्रॅट) राज्यात थोडक्यात पडला, ज्या दिवशी मिसुरीत १५ पास झालं त्याच दिवशी.

इलिनॉयचं पण तेच. २०२० ला श्रीमंतांवर चढता कर लावायची मुभा देणारी घटनादुरुस्ती, गव्हर्नर प्रिट्झकर स्वतः अब्जाधीश, त्याने बाजूने ५ कोटींच्या वर घातले, हेज फंडवाल्या केन ग्रिफिनने विरोधात ५ कोटींच्या वर घातले. बायडन आरामात जिंकला, ठराव पडला. दोन अब्जाधीश आपापल्या खिशातून पैसे काढून ठरवणार की अब्जाधीशांवर कर लावायचा का नाही, हा सीन मला अजून पचलेला नाही.

तेव्हा डॅलसकर, लोकांना सगळं हवंय आणि सिनेट अडवतंय एवढं सोपं नाही हो. उबर दोन डॉलरने महागेल म्हटल्यावर माझ्या ऑफिसातले सगळे पुरोगामी कसे मत देतात ते मी बघितलंय.

डॅलसकर

अश्विनी, मान्य. पण मॅसॅच्युसेट्स उलटं आहे, २०२२ ला दहा लाखांच्या वरच्या उत्पन्नावर ४ टक्के जादा कर लोकांनी पास केला, पहिल्याच पूर्ण वर्षात २ अब्ज डॉलरच्या वर आले, शिक्षण आणि रेल्वे-रस्त्यांना लावले. म्हणजे पैसा कुठे जाणार ते लिहून दिलं की लोक ऐकतात.

पाटलीण

मी वाचनमात्र असते पण आज राहवलं नाही. कर नंतरचा हिशोब म्हणून तुम्ही त्याला अगदीच दुय्यम करून टाकलंय. २०२१ चा चाइल्ड टॅक्स क्रेडिट आठवतोय का? सहा वर्षांच्या आतल्या मुलामागे ३,६००, मोठ्यांमागे ३,०००, आणि मुख्य म्हणजे ज्यांचं उत्पन्नच नाही त्यांनाही पूर्ण. जुलै ते डिसेंबर महिन्याच्या महिन्याला खात्यात. त्या वर्षी सेन्ससच्या पूरक मोजणीत बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आलं, इतकं खाली कधीच आलं नव्हतं. पुढच्या वर्षी योजना बंद, आकडा १२.४. दुपटीपेक्षा जास्त, एका वर्षात! कुठल्या युनियनने किंवा किमान वेतनाने सहा महिन्यांत एवढं केलंय?

बंद का झाली तर सिनेटमध्ये पन्नासच डेमोक्रॅट आणि त्यातल्या मॅन्चिनला कामाची अट हवी होती. त्याचं वेस्ट व्हर्जिनिया देशातल्या गरीब राज्यांपैकी एक. मी तेव्हा शाळेत सबस्टिट्यूट म्हणून जायचे, जानेवारीत आया ऑफिसात विचारत होत्या की या महिन्याचे पैसे का नाही आले. आणि मतं? कुणी त्यावर मत दिलं नाही. जे आपोआप खात्यात येतं त्याचं श्रेय कुणालाच मिळत नाही बहुतेक.

मधुरा_जर्सी

पाटलीण +१. या बाबतीत मीही तुमच्याच बाजूची. पण डॅलसकरांच्या मुद्द्याला माझ्याकडून एक पुरावा, तो म्हणजे टिपवरचा कर.

जून २०२४ ला लास व्हेगसमध्ये ट्रम्पने जाहीर केलं टिपवर कर नाही. नेवाडात वेटर, बारटेंडर, हॉटेलवाले भरपूर, मतं घासून. ऑगस्टमध्ये डेमोक्रॅट उमेदवार हॅरिसनेही तिथेच जाऊन तेच जाहीर केलं. २०२५ च्या कायद्यात आलंच, टिपचे २५,००० डॉलरपर्यंत उत्पन्नातून वजा, २०२८ पर्यंत. पेरोल टॅक्स मात्र लागणारच. आता जिचं वर्षाचं उत्पन्नच स्टँडर्ड डिडक्शनच्या आत आहे, एकट्या व्यक्तीला २०२५ साठी १५,७५०, तिला यातून काय मिळालं? काही नाही. ती मुळात इन्कम टॅक्स भरतच नव्हती. फायदा चांगल्या हॉटेलातल्या चांगल्या कमावत्या वेटरला. त्याच्याइतकंच कमावणारा आत भांडी घासणारा, त्याला टीप नाही, तो पूर्ण कर भरणार.

आणि टीप घेणाऱ्यांचं फेडरल किमान वेतन किती आहे? तासाला २.१३ डॉलर. १९९१ पासून. बाकी टिपमधून भरून निघावं, नाही निघालं तर मालकाने भरावं असं कागदावर. हॅरिसने निदान किमान वेतन वाढवायचंही सोबत म्हटलं होतं, ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. कायद्यात आली ती फक्त करसवलत, म्हणजे वेट्रेसला पगारवाढ द्यायची ती सरकारी तिजोरीतून, हॉटेलमालकाला तोशीस नाही.

डॅलसकर

मधुरा, हे मला लिहायचं होतं, तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंत. टेक्सासात आजही २.१३ च आहे.

तिरकीट

मग मी टीप कमी देऊ का जास्त देऊ, तेवढं एका ओळीत सांगा.

हेमंत_ऑस्टिन

तिरकीट, द्या हो सढळ हाताने.

सगळे अमेरिकन कामगारावर बोलताय, आपल्या लोकांचं कुणी बोलत नाही. आम्ही एच-वन-बी वाले कुठे बसतो? मागे माझी नोकरी गेली. सकाळी लॅपटॉप उघडला तर लॉगिन होईना, पर्सनल ईमेलवर पत्र. इथे ॲट-विल म्हणजे कारण सांगायचीही गरज नाही, जवळजवळ सगळ्या राज्यांत. अमेरिकन सहकारी बेरोजगार भत्ता घेऊन तीन महिने नोकरी शोधत होता, मला ६० दिवसांत नवीन स्पॉन्सर किंवा परतीचं विमान. अशा माणसाने पगार वाढवून मागायचा कुणाच्या जीवावर? आणि त्याने कमी पगार घेतला की शेजारच्या अमेरिकनाचाही पगार दबतो, मग तो अमेरिकन कुणावर चिडतो? माझ्यावर. मालकावर नाही. सप्टेंबर २०२५ ला ट्रम्पने नवीन एच-वन-बीला एक लाख डॉलर फी लावली, पण व्हिसा मालकाच्या मुठीतून सोडवायचं नाव कुणीच काढत नाही. नोकरी बदलायची खरी मोकळीक दिली तर दोघांचाही पगार वाढेल.

आणि खरं सांगू का, आपण स्वतःला कामगार समजतच नाही. ऑफिसात युनियन शब्द काढला की आपलीच मंडळी म्हणतात ते डेट्रॉइटवाल्यांचं असतं. २०२३ ला त्याच डेट्रॉइटवाल्यांनी तिन्ही मोठ्या कार कंपन्यांत एकदम संप करून साडेचार वर्षांत २५ टक्के वाढ पदरात पाडून घेतली. त्या वर्षी आमच्याकडे पिझ्झा पार्टी होती.

अवांतर: सोशल सिक्युरिटी कापतात ते आपल्याला परत मिळतं का?

मधुरा_जर्सी

हेमंत, ४० क्रेडिट म्हणजे साधारण दहा वर्षं काम भरलं तर पेन्शन मिळतं, भारतात राहूनही. त्याआधी परत गेलात तर गेले. जर्मनी, फ्रान्स, जपान अशा देशांशी अमेरिकेचा करार आहे, दोन्हीकडची वर्षं एकत्र धरतात, भारताशी नाही. पाच-सहा वर्षं काम करून परतणारे आपले लोक कुणाच्या तरी आजीचं पेन्शन भरून जातात. आणि घरी पैसे पाठवण्यावरचा जो १ टक्का कर २०२६ पासून आलाय तो रोख, मनीऑर्डर अशांनाच, अमेरिकन बँक खात्यातून पाठवलेल्यांना नाही. म्हणजे तोही ज्याला बँक खातं नाही अशा मजुरालाच.

खडूस

हेमंतचा प्रतिसाद आवडला, हे लिहून ठेवा, रोज होत नाही.

पण किमान वेतनावर मी तिथेच आहे. सीबीओने (काँग्रेसच्या बजेट ऑफिसने) फेब्रुवारी २०२१ ला अंदाज दिला होता, देशभर १५ केलं तर ९ लाख लोक गरिबीतून बाहेर येतील आणि १४ लाख नोकऱ्या जातील. हे १४ लाख कोण असतात? ज्यांना सगळ्यात कमी येतं तेच. मिसिसिपीच्या खेड्यात आणि सॅन फ्रान्सिस्कोत एकच आकडा कसा चालेल? राज्यांनी आपापलं ठरवावं, फ्लोरिडा आणि मिसुरीने ठरवलंच ना. मग वॉशिंग्टनची गरजच काय.

मधुरा_जर्सी

त्याच रिपोर्टमध्ये १ कोटी ७० लाख लोकांचा पगार थेट वाढेल असंही होतं, ते पण लिहा की. आणि नोकऱ्या जातात का यावर पहिला गाजलेला अभ्यास आमच्याच राज्याचा. न्यू जर्सीने १९९२ ला वेतन वाढवलं, पेनसिल्व्हेनियाने नाही, कार्ड आणि क्रूगर यांनी दोन्हीकडची फास्टफूडची दुकानं तपासली, जर्सीत नोकऱ्या कमी झालेल्या दिसल्या नाहीत. कार्डला २०२१ ला नोबेल मिळालं. त्यावरही वाद झाले, होत राहतील.

राज्यांनी ठरवावं म्हणता, तर आता त्याच दोन राज्यांचं बघा. इकडे कॅमडेनमध्ये २०२६ ला १५.९२. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की फिलाडेल्फिया, तिकडे ७.२५, फेडरलचाच आकडा. तिकडच्या खालच्या सभागृहाने २०२३ ला वाढ मंजूर केली, २०२५ ला परत केली, वरच्या सभागृहात अडकली. फिलाडेल्फियाला स्वतःपुरतं वाढवावं म्हटलं तर राज्याचा कायदा आड येतो.

खडूस

मग फ्लोरिडासारखं थेट मतदानाला टाकायचं.

डॅलसकर

पेनसिल्व्हेनियात लोकांनी सह्या गोळा करून ठराव मतपत्रिकेवर आणायची सोयच नाही. टेक्सासात पण नाही. आणि मिसुरीत सोय आहे तर काय झालं बघ, १५ डॉलरबरोबर आजारपणाची भरपगारी रजाही लोकांनी पास केली होती, ती घटनेत न घालता साधा कायदा म्हणून. विधिमंडळाने २०२५ ला रजा काढून टाकली, महागाईप्रमाणे वेतन वाढायचं कलमही काढलं, जुलैत गव्हर्नरची सही झाली.